संयुजा इलेक्ट्रॉनांचा जमाखर्च: आयनिक संयुगाचं सूत्र मुळापासून कसं मांडायचं

संयुजेचा तक्ता पाठ असला की मॅग्नेशिअम क्लोराइडचं सूत्र चुटकीसरशी लिहिता येतं. अडतं ते पुढच्या प्रश्नाला. मॅग्नेशिअमचा अणू दोनच इलेक्ट्रॉन का देतो, तीन का नाही? सोडिअम ऑक्साइडमध्ये २ हा आकडा सोडिअमला का लागतो, ऑक्सिजनला का नाही? तक्त्यात याचं उत्तर सापडत नाही, कारण तिथे फक्त शेवटची बाकी लिहिलेली असते, नोंदी नसतात. त्या नोंदी स्वतः कशा करायच्या ते इथे पाहू. कागद, पेन्सिल आणि आवर्तसारणी जवळ असू द्या. पुढे एक छोटा प्रयोगही आहे.

बाहेरच्या कवचात किती?

केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन कवचांत विभागलेले असतात. सर्वांत बाहेरच्या कवचातले ते संयुजा इलेक्ट्रॉन. रासायनिक बंध जुळताना उलाढाल होते ती यांचीच. आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन केंद्रकाने इतके घट्ट धरलेले असतात की साध्या अभिक्रियेत ते हलत नाहीत.

ते मोजायचे असे. मूलद्रव्याचा अणुअंक घ्या. उदासीन अणूत तेवढेच इलेक्ट्रॉन असतात. पहिल्या कवचात २ भरा, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ८ आणि उरले तर चौथ्यात. सोडिअमचा अणुअंक ११, म्हणून २, ८, १. क्लोरीनचा १७, म्हणून २, ८, ७. कॅल्शिअमचा २०, म्हणून २, ८, ८, २. ही पद्धत कॅल्शिअमपर्यंतच चालते, त्यापुढे नाही.

पोटॅशिअमपाशी हमखास चूक होते. कवचाची कमाल क्षमता २ गुणिले कवच क्रमांकाचा वर्ग, हे सूत्र सगळ्यांना माहीत असतं. त्यानुसार तिसऱ्या कवचात १८ मावतात, म्हणून १९ इलेक्ट्रॉनांचं पोटॅशिअम २, ८, ९ असं मांडलं जातं. पण क्षमता असणं वेगळं आणि भरण्याचा क्रम वेगळा. कवचाचेही आत भाग असतात, त्यांना उपकवचं म्हणतात. चौथ्या कवचातलं ४एस हे उपकवच तिसऱ्यातल्या ३डी उपकवचाआधी भरतं. म्हणून पोटॅशिअम २, ८, ८, १ असतं. पडताळा हवा असेल तर त्याचं वागणं पाहा: ते सोडिअमसारखंच पाण्याशी भडकून अभिक्रिया करतं आणि एकच इलेक्ट्रॉन देतं. बाहेर ९ असते तर असं झालं नसतं.

संरूपण (म्हणजे २, ८, १ अशी कवचवार मांडणी) न मांडता थेट उत्तर हवं असेल तर आवर्तसारणीतला गण पाहा. गण १ मध्ये १ संयुजा इलेक्ट्रॉन, गण २ मध्ये २. गण १३ ते १८ मध्ये गणाच्या आकड्यातून १० वजा करा: ऑक्सिजन गण १६ मध्ये, म्हणून ६. अपवाद हेलिअमचा. ते १८ व्या गणात बसतं, पण त्याच्याकडे मुळात दोनच इलेक्ट्रॉन आहेत. गण ३ ते १२ मधल्या संक्रामक मूलद्रव्यांना हा नियम लावू नका, त्यांच्याकडे नंतर येऊ.

ठिपके मांडताना

१९१६ साली गिल्बर्ट लुईस यांनी संयुजा इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवायची पद्धत मांडली. त्याच वर्षी जर्मनीत वाल्थर कोसेल यांनी इलेक्ट्रॉन एका अणूकडून दुसऱ्याकडे जाऊन आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, तयार होतात, ही कल्पना मांडली. आपण वहीत जे काढतो ते या दोघांचं मिश्रण आहे.

मूलद्रव्याचं चिन्ह मध्ये लिहा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागा धरा. आधी प्रत्येक जागी एकेक ठिपका ठेवा. चार झाले की पाचव्यापासून जोड्या लावा. नायट्रोजनच्या ५ ठिपक्यांत एक जोडी आणि तीन सुटे दिसले पाहिजेत. क्लोरीनच्या ७ मध्ये तीन जोड्या आणि एक सुटा. सुरुवात कोणत्या बाजूने केली याला काही अर्थ नाही. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे अणूतले सगळेच इलेक्ट्रॉन ठिपक्यांत काढणं. सोडिअमभोवती ११ ठिपके असले तर ते चित्र चुकलं. तिथे एकच ठिपका हवा.

कोण देणार, कोण घेणार

ढोबळ नियम सोपा आहे. बाहेर १, २ किंवा ३ इलेक्ट्रॉन असलेले धातू ते देऊन टाकतात आणि आतलं भरलेलं कवच बाहेर येतं. ५, ६ किंवा ७ असलेले अधातू अनुक्रमे ३, २ किंवा १ इलेक्ट्रॉन घेऊन आठाचा आकडा, म्हणजे अष्टक, गाठतात. ४ असलेले कार्बन, सिलिकॉन सहसा या व्यवहारात उतरत नाहीत. ते भागीदारी करतात, म्हणजे सहसंयुज बंध. आणि ८ असलेले राजवायू बाजूला बसतात. (तेही कायमचे नाहीत: १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग तयार करून ‘निष्क्रिय’ हे विशेषण मोडीत काढलं.)

पण ‘अणूला अष्टक हवं असतं’ एवढ्यावर थांबणं म्हणजे प्रश्न टाळणं. अणूला काही हवं-नको नसतं. खरं कारण आयनन ऊर्जेच्या आकड्यांत दिसतं. वायुरूप अणूतून एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला लागणारी ही ऊर्जा, किलोज्यूल प्रति मोलमध्ये:

सोडिअम: पहिला ४९६, दुसरा ४५६२.
मॅग्नेशिअम: पहिला ७३८, दुसरा १४५१, तिसरा ७७३३.
ॲल्युमिनिअम: पहिला ५७८, दुसरा १८१७, तिसरा २७४५, चौथा ११५७७.

प्रत्येक ओळीत आकडा एका जागी एकदम उसळतो, ती जागा शोधा. सोडिअममध्ये पहिल्यानंतर, मॅग्नेशिअममध्ये दुसऱ्यानंतर, ॲल्युमिनिअममध्ये तिसऱ्यानंतर. संयुजा इलेक्ट्रॉन संपले आणि आतल्या भरलेल्या कवचाला हात घालायची वेळ आली की किंमत एकदम कित्येक पटींनी वाढते. मॅग्नेशिअम तीन इलेक्ट्रॉन का देत नाही, याचं उत्तर त्या ७७३३ मध्ये आहे. परीक्षेत एखाद्या अनोळखी मूलद्रव्याच्या आयनन ऊर्जा देऊन गण विचारतात, तेव्हाही हीच उसळी पाहायची.

आयनाचा प्रभार: वजाबाकी करा, पाठ करू नका

प्रभार म्हणजे प्रोटॉन वजा इलेक्ट्रॉन. सोडिअमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन. एक इलेक्ट्रॉन गेला, १० उरले. ११ वजा १० म्हणजे अधिक १. क्लोरीनमध्ये १७ प्रोटॉन; एक इलेक्ट्रॉन आला, १८ झाले. १७ वजा १८ म्हणजे उणे १.

‘इलेक्ट्रॉन गमावला म्हणजे उणे’ अशी चूक फार होते. गमावलेली वस्तू स्वतःच ऋण आहे, हे लक्षात राहत नसेल तर दर वेळी ही वजाबाकी कागदावर मांडा. चार-पाच उदाहरणांत हात बसतो.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकलेला बरा. सोडिअम आयनात १० इलेक्ट्रॉन असतात आणि निऑनमध्येही १०. म्हणून सोडिअमचं निऑन होत नाही. केंद्रकात प्रोटॉन ११ आहेत तोवर ते सोडिअमच. संरूपण सारखं, मूलद्रव्य वेगळं.

आकार मात्र चांगलाच बदलतो. सोडिअम अणूची त्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटर, आयनाची सुमारे १०२. बाहेरचं अख्खं कवचच गेलं. उलट क्लोरीन अणूची सुमारे ९९ आणि क्लोराइड आयनाची सुमारे १८१, कारण तितक्याच प्रोटॉनांना आता एक इलेक्ट्रॉन जास्त सांभाळायचा आहे. चित्र काढताना सोडिअम आयन क्लोराइडपेक्षा लहान काढा. बऱ्याच वह्यांत हे उलटं असतं.

नावांचं म्हणाल तर धातूच्या आयनाला धातूचंच नाव राहतं. अधातूच्या नावाचा शेवट ‘आइड’ होतो: क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड, नायट्राइड.

सूत्र मांडणं: दिलेले आणि घेतलेले सारखे

नियम एकच: धातूने दिलेले एकूण इलेक्ट्रॉन आणि अधातूने घेतलेले एकूण इलेक्ट्रॉन सारखे असले पाहिजेत. मधल्या मध्ये एकही इलेक्ट्रॉन लोंबकळत राहता कामा नये, आणि कुणाकडून उसनाही आणायचा नाही. सारखे करण्यासाठी दोन्ही प्रभारांचा लसावि काढा.

ॲल्युमिनिअम ऑक्साइड घेऊ. ॲल्युमिनिअमचा अणुअंक १३, संरूपण २, ८, ३, देणार ३. ऑक्सिजनचा ८, संरूपण २, ६, घेणार २. एक ॲल्युमिनिअम आणि एक ऑक्सिजन समोरासमोर ठेवले तर ऑक्सिजन २ घेतो आणि ॲल्युमिनिअमचा एक इलेक्ट्रॉन तसाच राहतो. म्हणून दुसरा ऑक्सिजन आणा. त्याला हा एक मिळाला, पण अजून एक कमी. म्हणून दुसरं ॲल्युमिनिअम आणा. त्याचे ३: एक दुसऱ्या ऑक्सिजनला, उरले २. ते तिसऱ्या ऑक्सिजनला. आता सगळे संपले. ॲल्युमिनिअम २, ऑक्सिजन ३. दिले ६, घेतले ६.

हाच हिशेब लसावितून: ३ आणि २ चा लसावि ६. ६ भागिले ३ म्हणजे ॲल्युमिनिअम २. ६ भागिले २ म्हणजे ऑक्सिजन ३. पहिल्या दोन-तीन उदाहरणांना वरचा लांबचा रस्ता बाणांसकट काढा, मग लसाविवर या. बाण काढताना प्रत्येक बाण एका ठिपक्यापासून निघून एका रिकाम्या जागेवर संपला पाहिजे. बाण मोजले की इलेक्ट्रॉन मोजले गेले.

सोडिअम ऑक्साइड: सोडिअम १ देतं, ऑक्सिजन २ घेतो, म्हणून सोडिअम २, ऑक्सिजन १. मॅग्नेशिअम क्लोराइड: मॅग्नेशिअम १, क्लोरीन २. मॅग्नेशिअम नायट्राइड: मॅग्नेशिअम २ देतं, नायट्रोजन ३ घेतो, लसावि ६, म्हणून मॅग्नेशिअम ३, नायट्रोजन २. हे शेवटचं संयुग नुसतं कागदावरचं नाही. हवेत मॅग्नेशिअमची फीत जाळली की पांढऱ्या ऑक्साइडबरोबर थोडं नायट्राइडही तयार होतं, आणि त्या राखेवर पाण्याचे थेंब टाकले तर अमोनियाचा वास येऊ शकतो.

‘तिरपा गुणाकार’, म्हणजे एकाचा प्रभार दुसऱ्याच्या खाली लिहिणं, ही पळवाट झटपट आहे, पण तीन ठिकाणी फसवते.

पहिलं, प्रभार सारखे असले की. कॅल्शिअम आणि ऑक्सिजन दोन्ही २. तिरपं लिहिलं तर कॅल्शिअम २, ऑक्सिजन २ असं येतं. त्याला लहानात लहान गुणोत्तरात आणा: १ आणि १. पण हे संक्षेपणही आंधळेपणाने करायचं नाही. सोडिअम पेरॉक्साइडमध्ये सोडिअम २ आणि ऑक्सिजन २ च असतात आणि तसंच लिहितात, कारण तिथे दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात आणि ती जोडी मिळून उणे २ प्रभाराचा एकच आयन असते. मर्क्युरस क्लोराइडमध्येही तसंच, तिथे जोडी पाऱ्याची.

दुसरं, संयुक्त मूलकं. सल्फेट (उणे २), नायट्रेट (उणे १), हायड्रॉक्साइड (उणे १), कार्बोनेट (उणे २), फॉस्फेट (उणे ३), अमोनिअम (अधिक १). हे अणूंचे गट आहेत आणि गट म्हणूनच वावरतात. एकापेक्षा जास्त लागले तर कंस हवाच. ॲल्युमिनिअम सल्फेटमध्ये ॲल्युमिनिअम २ आणि सल्फेट ३. सल्फेट कंसात, बाहेर ३. कंस विसरलात तर ऑक्सिजनच्या खालच्या ४ ला चिकटून ३ येतो आणि वाचणाऱ्याला तिथे ४३ ऑक्सिजन दिसतात. प्रत्यक्षात आहेत ४ गुणिले ३, म्हणजे १२. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमध्ये कंस सुटला तर नुसते हायड्रोजन दोन होतात, ऑक्सिजन एकच राहतो.

तिसरं, प्रभाराचं चिन्ह खाली उतरवणं. अणूंची संख्या उणे कशी असेल? खाली फक्त आकडा जातो.

सूत्र लिहून झालं की उलटा ताळा करा: प्रत्येक आयनाचा प्रभार गुणिले त्याची संख्या, सगळ्यांची बेरीज शून्य. ॲल्युमिनिअम सल्फेट: २ गुणिले ३ म्हणजे अधिक ६, ३ गुणिले उणे २ म्हणजे उणे ६. बरोबर. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि निम्म्या चुका इथेच सापडतात.

मुळात हा व्यवहार परवडतो कसा?

‘सोडिअमला इलेक्ट्रॉन नको असतो, क्लोरीनला हवा असतो, म्हणून देवाणघेवाण होते’ हे वाक्य गोड आहे आणि आकड्यांसमोर टिकत नाही. सोडिअममधून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरीनने तो घेतला की ३४९ परत मिळतात. म्हणजे १४७ चा तोटा. शिवाय घन सोडिअमचे सुटे अणू करायला १०७ आणि क्लोरीनचा रेणू तोडून एक मोल अणू मिळवायला १२१. एकूण खर्च ७२४, जमा ३४९, तूट ३७५.

ही तूट भरून काढतं स्फटिकजालक. धन आणि ऋण आयन एकमेकांभोवती रचून बसले की ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. ७८७ वजा ३७५ म्हणजे ४१२ नफा. सोडिअम आणि क्लोरीनपासून एक मोल मीठ तयार होताना प्रत्यक्ष मोजलेली ऊर्जा ४११ आहे. गोळाबेरीज करूनही एवढं जुळतं. ही मांडणी बॉर्न-हेबर चक्र म्हणून ओळखली जाते.

हे कळलं की पुढचे प्रश्न आपोआप सुटतात. सोडिअमने दोन इलेक्ट्रॉन का देऊ नयेत, म्हणजे जालक आणखी मजबूत होईल? होईल, पण अधिक २ च्या आयनाचं जालक देऊन देऊन साधारण २५०० देईल, आणि दुसऱ्या इलेक्ट्रॉनची किंमत एकटी ४५६२ आहे. दिवाळखोरीच. आणि मॅग्नेशिअमने एकच देऊन का थांबू नये? कारण दुसऱ्यासाठी लागणारे १४५१ अधिक २ च्या जालकात सव्याज वसूल होतात.

ऑक्साइड आयनाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. ऑक्सिजनने पहिला इलेक्ट्रॉन घेतला की १४१ किलोज्यूल मिळतात. पण दुसरा, आधीच ऋण झालेल्या आयनात कोंबायला सातशेहून जास्त मोजावे लागतात. एकटादुकटा ऑक्साइड आयन वायुरूपात टिकतच नाही, तो टिकतो जालकाच्या आधाराने. ‘अष्टक पूर्ण म्हणून स्थिर’ एवढ्यावर विसंबणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

प्रभाराची ताकद पाहायची तर सोडिअम फ्लुओराइड आणि मॅग्नेशिअम ऑक्साइड शेजारी ठेवा. दोघांची रचना सारखी, आयनांमधलं अंतरही जवळपास सारखं. एकीकडे प्रभार १ आणि १, दुसरीकडे २ आणि २, गुणाकार चौपट. जालक ऊर्जा पहिल्याची साधारण ९२५, दुसऱ्याची साधारण ३८००. द्रवणांक ९९३ अंश सेल्सिअस आणि सुमारे २८५० अंश. मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या विटा भट्ट्यांना आतून लावतात, त्या याच गुणामुळे.

रेणू नव्हे, गुणोत्तर

मिठात ‘एक सोडिअम आणि एक क्लोरीन’ अशी जोडी कुठेही नसते. १९१३ मध्ये ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाची रचना उलगडली तेव्हा दिसलं की प्रत्येक सोडिअम आयनाभोवती ६ क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडिअम आयन असतात. कोणता क्लोराइड कुणाचा, हा प्रश्नच उरत नाही. म्हणून आयनिक संयुगाच्या सूत्राला ‘रेणू’ म्हणू नये. ते स्फटिकातलं लहानात लहान गुणोत्तर आहे.

०.३ मिलिमीटर कडेचा मिठाचा घनाकार दाणा घ्या. त्याचं वस्तुमान सुमारे ०.०५८ मिलिग्रॅम भरतं, म्हणजे जवळपास नेमका एक मायक्रोमोल. त्यात सोडिअम आयन किती? सहावर सतरा शून्यं. आणि तितकेच क्लोराइड.

हातोडीने असा स्फटिक ठोकला तर तो चेपत नाही, सपाट पृष्ठांवर फुटतो. धक्क्याने एक थर एका आयनाच्या अंतराएवढा सरकतो, मग धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतात, आणि दोन्ही भाग एकमेकांना ढकलून देतात.

करून पाहा: आयन मोकळे आहेत का?

साहित्य: ९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रोधक, तीन वायरी, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली (शिसं म्हणजे ग्राफाइट, ते वीज वाहून नेतं), १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन पेले, ५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ आणि तपासण्यासाठी वेगळं थोडं कोरडं मीठ.

बॅटरीच्या धन टोकाला रोधक, रोधकाला एलईडीचा लांब पाय, आखूड पायाला पहिली पेन्सिल. दुसरी पेन्सिल थेट ऋण टोकाला. आधी पेन्सिलींची मोकळी टोकं एकमेकांना टेकवा. एलईडी पेटला पाहिजे. नाही पेटला तर त्याचे पाय उलटे लागलेत किंवा एखादं शिसं आतून तुटलंय.

आता या क्रमाने तपासा: कोरडं मीठ, नुसतं पाणी, साखरेचं पाणी, शेवटी मिठाचं पाणी. टोकांमध्ये अंतर साधारण १ सेंटिमीटर ठेवा. पहिल्या तिन्हींत एलईडी बंद राहतो, चौथ्यात पेटतो. कोरड्या मिठातही आयन आहेतच, पण जागेवर जखडलेले. पाण्यात ते सुटे फिरतात. साखर पाण्यात विरघळते, पण रेणू म्हणूनच, आयन देत नाही. वितळलेलं मीठही वीज वाहून नेतं, पण त्याला ८०१ अंश लागतात. ते घरी करायच्या फंदात पडू नका.

क्रम बदलू नका. मिठाच्या पाण्यातली पेन्सिल न धुता साखरेच्या पाण्यात घातली की तिथेही एलईडी मिणमिणतो आणि निष्कर्ष चुकतो. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, म्हणून तेही मंद उजेड देऊ शकतं. ओल धरलेलं मीठ तसंच. रोधक गाळलात तर एलईडी जळेल. मिठाच्या पाण्यात टोकांशी बुडबुडे येतील. धन टोकाशी थोडा क्लोरीन वायूही सुटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि १०-१५ सेकंदांत टोकं बाहेर काढा. घरातल्या प्लगची वीज यासाठी कधीही वापरायची नाही.

नियम जिथे लंगडतो

लोखंडाचं संरूपण २, ८, १४, २. बाहेरचे २ दिले की फेरस आयन, अधिक २. त्यानंतर आतल्या कवचातलाही एक जाऊ शकतो, मग फेरिक, अधिक ३. संक्रामक मूलद्रव्यांत बाहेरच्या आणि त्याच्या आतल्या कवचातल्या ऊर्जेत फार अंतर नसतं, म्हणून वर पाहिलेली ती उसळी तिथे लगेच येत नाही. इथे सूत्र लिहिण्याआधी नाव नीट वाचावं लागतं. फेरस क्लोराइडमध्ये क्लोरीन २, फेरिक क्लोराइडमध्ये ३. तांब्यात क्युप्रस अधिक १, क्युप्रिक अधिक २. आणि लक्षात ठेवा: भरताना ४एस आधी भरतं, पण आयन होताना आधी रिकामंही तेच होतं.

दुसरी अडचण ॲल्युमिनिअम क्लोराइडची. धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक, या नियमाने ते आयनिक ठरावं. प्रत्यक्षात ते साधारण १८० अंशांनाच थेट वायुरूप होतं, तर ॲल्युमिनिअम फ्लुओराइड हजार अंश ओलांडूनही घनच असतं. अधिक ३ चा लहानसा आयन मोठ्या क्लोराइडचा इलेक्ट्रॉनमेघ स्वतःकडे ओढून घेतो आणि देवाणघेवाणीची भागीदारी होऊन बसते. फ्लुओराइड लहान आणि घट्ट, त्याचा मेघ असा ओढला जात नाही.

विद्युतऋणता म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची ताकद. दोन अणूंच्या विद्युतऋणतेतला फरक १.७ पेक्षा जास्त असला की बंध आयनिक, ही कसोटी उपयोगी आहे, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. सोडिअम ०.९३ आणि क्लोरीन ३.१६, फरक २.२३: ठीक. पण हायड्रोजन २.२० आणि फ्लुओरीन ३.९८, फरक १.७८, तरीही हायड्रोजन फ्लुओराइड रेणूंचंच बनलेलं आहे. हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन पूर्ण काढला तर उरतो उघडा प्रोटॉन, आणि तो कुणाच्या ना कुणाच्या इलेक्ट्रॉनमेघात शिरल्याशिवाय राहत नाही.

हात बसवण्यासाठी

उत्तरं झाकून सोडवा.

पोटॅशिअम सल्फाइड: पोटॅशिअम २, गंधक १.
कॅल्शिअम फॉस्फेट: कॅल्शिअम ३, फॉस्फेट २, कंसासह, ऑक्सिजन एकूण ८.
अमोनिअम कार्बोनेट: अमोनिअम २, कंसासह, कार्बोनेट १.
फेरिक ऑक्साइड: लोखंड २, ऑक्सिजन ३.
बेरिअम नायट्राइड: बेरिअम ३, नायट्रोजन २. बेरिअमचा अणुअंक ५६ आहे, पण संरूपण मांडत बसायची गरज नाही. गण २ पुरे.
कार्बन आणि क्लोरीन: इथे लसावि काढायला घेतला असेल तर थांबा. दोन्ही अधातू आहेत, आयन होतच नाहीत. कार्बन आपले ४ इलेक्ट्रॉन चार क्लोरीन अणूंशी वाटून घेतो. आकडे आयनिक हिशेबाने काढले तरी १ आणि ४ हेच येतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. ठिपके मांडले की दिसते: बाण काढायला जागाच नसते, मधोमध सामायिक जोड्या असतात.